नाशिकमध्ये कुंडीत आर्टेमिसिया लावता येईल का? आणि त्याचा चहा मलेरियावर चालतो का?

लावता येतं, अगदी आरामात. आर्टेमिसिया (Artemisia annua) म्हणजे ज्याच्या पाल्यातून मलेरियाच्या गोळ्यांचं औषध काढतात ते झाड. मी सिडकोत राहतो, टेरेसवर लावलंय. पण चहा मलेरियावर चालतो का असं जे तुम्ही विचारलंय त्याचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे, गोळ्या घ्याव्याच लागतात.

आधी लावायचं सांगतो. बी नाचणीपेक्षाही कितीतरी बारीक, एका ग्रॅममध्ये १०,००० च्या वर, म्हणून कोरड्या वाळूत मिसळून ओल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती लोटायची नाही, उगवायला उजेड लागतो त्याला. पाणी स्प्रेनेच. नुसती काळी माती नको, पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात, वाळू आणि शेणखत भरपूर घाला. पेरा जानेवारी-फेब्रुवारीत, कारण दिवस लहान असले की हे फुलावर येतं, दिवाळीला पेरलं तर बुटकं असतानाच फुलून संपेल, एका वर्षाचंच झाड आहे.

आणि रोप दिसायला सेम गाजरगवत! घरात कोणी तण काढत असेल तर आधीच सांगून ठेवा. शंका आली तर हातात प्लास्टिकची पिशवी घालून पान चुरगाळा (गाजरगवताने खाज सुटते), कापरासारखा उग्र गोडसर वास आला की हेच, शेवटी दवण्याच्या जातकुळीतलं आहे.

आता चहा. चीनमध्ये याला छिंगहाओ म्हणतात. तिथल्या शास्त्रज्ञ थू यूयू बाईंनी मलेरियावर औषध शोधताना चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात वाचलं की पाला पाण्यात भिजवून पिळून रस प्यायचा, उकळायचा उल्लेखच नाही, त्यावरून त्यांना वाटलं की उष्णतेने औषध मरत असणार, मग ३५ अंशाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला, १९७१ मध्ये तो लागू पडला आणि २०१५ ला नोबेल मिळालं. म्हणजे बघा, आपण कपात उकळतो ते आणि गोळीतलं औषध एक नाही. ते औषध पाण्यात नीट उतरत नाही, झाडागणिक प्रमाण बदलतं, अर्धवट डोसने ताप उतरतो आणि जंतू रक्तात राहतात. जागतिक आरोग्य संघटनाही या चहाला नाहीच म्हणते. थंडी वाजून ताप आला तर प्लीज त्याच दिवशी रक्त तपासा, सरकारी दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या फुकट आहेत.

घरात कोणाला दमा किंवा शिंकांचा त्रास असेल तर कळ्या दिसल्या की लगेच शेंडे छाटा, परागांची ॲलर्जी होते.