घरच्या होम थिएटरसाठी सबवूफर स्वतः बनवायचा, तर डीजेचा १५ इंची घ्यावा की १२ इंचीची नवी पेटी करावी?

भाऊ, तुमचा प्रश्न मला असा समजला: गावात स्लॅबचं घर, १४ बाय ११ फुटांचा हॉल, जुना पण चांगला एव्ही रिसीव्हर (सिनेमाचा आवाज स्पीकरांना वाटून देणारा डबा) आणि समोरचे दोन-तीन स्पीकर आहेत, फक्त सबवूफर, म्हणजे खोल आवाज (बेस) देणारा स्पीकर, नाही. ओळखीतला डीजेवाला त्याचा १५ इंची ड्रायव्हर (पेटीत बसतो तो मूळ स्पीकर) पेटीसकट स्वस्तात देतो म्हणतो. तो घ्यावा, की कारचा १२ इंची ड्रायव्हर आणून पेटी घरी करावी? केलीच तर पाईपवाली (हवेच्या वाटेसाठी पाईप बसवलेली) की पूर्ण बंद?

डीजेचा १५ राहू द्या. १२ इंची ड्रायव्हर घ्या, पेटी बंद ठेवा, आणि जमलं तर तसाच दुसरा पुढच्या हंगामाला करा. कारणं खाली देतो, नाही पटलं तर खुशाल भांडा.

माझं दिग्रसकडे मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारींसोबत जळालेले डीजेचे ड्रायव्हरही येतात, म्हणून कॉइलशी, म्हणजे तारेच्या गुंडाळीशी, रोजची गाठ. पेट्या करणं ही हौस.

डीजेचा ड्रायव्हर वाईट नसतो, त्याचं काम वेगळं असतं. वरातीत, उघड्यावर, ठोका लांब पोचवायचा म्हणून तो हलक्या कोनचा (कोन म्हणजे पुढे-मागे हलणारा पडदा) आणि ताठ बनवतात. तो ठोका बहुतेक ५० ते १०० हर्ट्झमध्ये (सेकंदाला तेवढी कंपनं; आकडा कमी तितका आवाज खोल) असतो. सिनेमात इमारत कोसळते, विमान डोक्यावरून जातं, तेव्हा २० ते ४० हर्ट्झमधला माल येतो. आणि हर्ट्झ निम्मे झाले की तेवढ्याच आवाजासाठी कोनला चौपट सरकावं लागतं. ४० हर्ट्झला २ मिलिमीटर हलणारा कोन २० ला ८ मिलिमीटर हलला पाहिजे. डीजेच्या बऱ्याच १५ इंचींची सुरक्षित हालचाल एका बाजूला ५ मिलिमीटरच्या आसपास असते, कारच्या बऱ्या १२ इंचीची १० च्या पुढे.

आता कोनचं क्षेत्रफळ धरा. १५ इंचीचं साधारण ८५० चौरस सेंटीमीटर, १२ इंचीचं ४८०. डीजेचा एक १५ ढकलतो सव्वाचारशे घन सेंटीमीटर हवा. दोन १२ इंची मिळून ढकलतात साडेनऊशेच्या वर. एकटा १२ इंचीसुद्धा ४८० ढकलतो, म्हणजे त्या १५ पेक्षा थोडा जास्तच. इंच मोठे दिसतात, पण खोलातल्या बेसला हालचाल लागते.

बंद की पाईपवाली, हा खरा वादाचा मुद्दा आहे. पाईपवाली पेटी तेवढ्याच वॉटमध्ये खालचा आवाज जास्त देते, यात दुमत नाही. पण ती हिशेबाला कडक असते. ड्रायव्हरचे एफएस (तो स्वतः ज्या हर्ट्झला घुमतो), क्यूटीएस (ते घुमणं किती लवकर थांबतं) आणि व्हीएएस (कोनच्या लवचिकपणाएवढी हवा, लिटरमध्ये) हे आकडे खरे असले तरच ती नीट बसते. हे गणित नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं, पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते पूर्णत्वाला नेलं, म्हणून या आकड्यांना थील-स्मॉल म्हणतात. आपल्याकडे स्वस्त ड्रायव्हरच्या खोक्यावर हे आकडे बहुधा नसतातच, असले तर भरवशाचे नसतात. खोक्यावर ठळक असतं ते पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची फुगवून सांगितलेली ताकद. ते वाचून हसायचं आणि आरएमएस, म्हणजे सलग पेलणारी ताकद, विचारायचं.

बंद पेटी चूक पोटात घालते. समजा तुमच्या ड्रायव्हरचा व्हीएएस ६० लिटर, क्यूटीएस ०.५ आणि एफएस २८ हर्ट्झ आहे. सपाट प्रतिसादासाठी पेटीसकटचा क्यू (क्यूटीएससारखाच आकडा, पण पेटीत बसवल्यावरचा) ०.७०७ धरतात, त्याला पेटी लागते ६० लिटरची. तुमच्या सुताराने ती ५० लिटरची केली, तर क्यू जातो ०.७४ वर. कानाला कळणारही नाही. पाईपवालीत मात्र क्यूटीएस ०.३५ समजून पेटी केली आणि निघाला ०.५, तर एकाच पट्टीत ढप्प-ढप्प आवाज येतो आणि डायलॉग संपला तरी बेस रेंगाळतो. शिवाय पाईप ज्या हर्ट्झला लावला त्याच्या खाली कोनला हवेचा आधार उरत नाही. एका मोठ्या स्फोटात कॉइल चुंबकाच्या गॅपच्या (फटीच्या) बाहेर येते. तसले ड्रायव्हर माझ्या टेबलावर येतात, कॉइल घासलेली आणि फॉर्मर (कॉइल गुंडाळलेली नळी) वाकडा.

पाईपची लांबीही हलक्यात घेऊ नका. १०० लिटरची पेटी २५ हर्ट्झला लावायची, आणि वावरातल्या पाइपलाइनचा उरलेला ४ इंची पीव्हीसी तुकडा वापरायचा, तर एका पाइपाला साधारण ३३ सेंटीमीटर लांबी येते. पण १२ इंचीला एक पाईप अरुंद पडतो, जोरात वाजवलं की फुस्स-फुस्स होतं. दोन पाईप केले की प्रत्येकी ७४ सेंटीमीटर. ते बसवायला पेटी केवढी कराल? आणि गावातल्या घरात चार इंची भोक म्हणजे उंदराला आमंत्रण. जाळी लावली तर हवा अडते. हसू नका, कोन कुरतडलेला ड्रायव्हर पाहिला आहे.

बंद पेटीची जमेची बाजू तुमच्या हॉलमुळे वाढते. वरच्या उदाहरणातली ६० लिटरची पेटी ४० हर्ट्झच्या आसपास उतरायला लागते आणि त्याखाली दर सप्तकाला (म्हणजे हर्ट्झ निम्मे होताना) १२ डेसिबलने कमी होते. तुमच्या हॉलची लांबी १४ फूट, म्हणजे त्याचा पहिला घुमारा ४० हर्ट्झवर. त्याखाली लहान बंद खोली स्वतःच आवाज उचलून धरते. पेटी जिथे सोडते तिथे खोली हात देते. कागदावर ही मदतही सप्तकाला १२ डेसिबलची असते, प्रत्यक्षात कमी मिळते. विटांच्या भिंती, वर स्लॅब, दार लावलेलं, तर बरी मिळते. टिनाच्या किंवा कवेलूच्या छतातून बेस सरळ बाहेर जातो, तिथे या हिशेबावर विसंबू नये. तुमच्याकडेही उन्हाळ्यात खिडकीत कूलर बसला की बेस पातळ वाटेल, कारण खिडकी उघडी झाली. पेटी बिघडली म्हणून खोलून बसू नका.

पेटी सोपी आहे. १८ एमएम प्लाय, बाहेरून १६ इंचाचा घन, आत साधारण ५० लिटर जागा. एवढे तुकडे ८ बाय ४ च्या अर्ध्या शीटमध्ये निघतात, वर समोरची फळी दुहेरी करायला आणि आत आडवा आधार द्यायलाही उरतं. प्लाय ७१० ग्रेडचा, म्हणजे मरीनचा घ्या. एमडीएफ शहरातल्या एसी खोलीत ठीक. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि उन्हाळाभर कूलरची ओल, त्यात त्याच्या कडा फुगतात. कोणी म्हणेल घरात आलापल्लीच्या सागवानाच्या फळ्या पडल्यात, त्याच लावू. दिसायला देखण्या, पण अखंड लाकूड ऋतूप्रमाणे आकसतं-फुगतं, सांधे उघडतात, आणि बंद पेटीला केसाएवढी फटही चालत नाही. सागवान हवाच असेल तर वरून पातळ व्हिनियर चिकटवा. सांध्यांना फेविकॉल आणि स्क्रू, आतल्या कोपऱ्यांत सिलिकॉन, ड्रायव्हरखाली फोमची पट्टी. मग कोन हलक्या हाताने आत दाबून सोडा. सावकाश परत आला तर पेटी हवाबंद.

आत भरायला कापूस चालेल का, हे आपल्या भागात हमखास विचारतात. आवाजाच्या दृष्टीने चालतो. पण तो ओल धरतो, खाली बसतो, किडे होतात. उशांमध्ये भरतात तो पॉलिस्टर फायबर सैलसर भरा, दाबून नको.

अ‍ॅम्पसाठी, म्हणजे पेटीला ताकद देणाऱ्या यंत्रासाठी, दोन रस्ते आहेत. एक, ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरचा बोर्ड आणि मोठा ट्रान्सफॉर्मर. नागपुरात सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सगळं मिळतं, गावातला रेडिओ मेकॅनिकही दुरुस्त करू शकतो. त्याची कमजोरी म्हणजे आपली लाईन. रब्बीत हरभऱ्या-गव्हाचं ओलीत चालू असताना घरात २३० च्या जागी १८० व्होल्ट आले, तर ट्रान्सफॉर्मरचा आउटपुट त्याच प्रमाणात पडतो आणि ताकद पडते वर्गाच्या प्रमाणात. ४०० वॉटचा अ‍ॅम्प २४५ चा होतो, आवाज फाटायला लागतो, माणूस व्हॉल्यूम आणखी वाढवतो, आणि कॉइल माझ्या दुकानात येते. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर असा अ‍ॅम्प गुणगुणतोही.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो: कारचा क्लास-डी मोनो (कमी तापणारा, एकाच चॅनेलचा) अ‍ॅम्प आणि १२ व्होल्टचा एसएमपीएस (घरच्या विजेचे १२ व्होल्ट करून देणारा डबा). ३०० वॉट आरएमएसच्या अ‍ॅम्पला भर जोरात ३० अँपिअर लागतात, म्हणून एसएमपीएस ४० चा घ्या. चांगला एसएमपीएस इनपुट बराच कमी झाला तरी १२ व्होल्ट सोडत नाही. स्वस्तातल्या काहींच्या बाजूला ११०/२२० चा खटका असतो, तो २२० वर आहे हे वीज जोडण्याआधी बघा. १२ व्होल्टच्या बाजूला वायर ६ स्क्वेअर एमएमची आणि आखूड. एसएमपीएस उघडा ठेवायचा नाही, त्याच्या टर्मिनलवर घरचा पूर्ण करंट असतो आणि मुलं हॉलमध्येच खेळतात. अर्थिंग खरीखुरी असू द्या. घूं आवाज आला तर आधी डिशची केबल काढून बघा. तो गेला, तर दोष त्या वाटेने येतो आहे. अर्थ तोडून तो घालवू नका.

ड्युअल कॉइलचा ड्रायव्हर घेतला तर हे लक्षात ठेवा: ४ ओमच्या दोन कॉइल मालिकेत ८, समांतर २ ओम. अ‍ॅम्प २ ओमला चालतो का ते आधी वाचा. दुकानात मीटर लावूनच घ्या, ४ ओमची कॉइल साधारण ३.२ ते ३.६ दाखवते.

पेटी कुठे ठेवायची, याने ड्रायव्हरच्या किमतीपेक्षा जास्त फरक पडतो. तुमची बंगई (झोपाळा) किंवा दिवाण हॉलच्या लांबीच्या बरोबर मधोमध असेल तर तिथे ४० हर्ट्झ जवळजवळ गायब होईल. मागच्या भिंतीला टेकून बसलात तर तोच नको तितका येईल. सबवूफर तात्पुरता बसायच्या जागी ठेवा, एकसारख्या बेसचं काहीतरी लावा, आणि गुडघ्यांवर भिंतीकडेने फिरा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतात तिथे पेटी. घरचे हसतील, हसू द्या. लॅपटॉप असेल तर आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, ते खोलीही मोजतं आणि एका रेझिस्टरच्या मदतीने ड्रायव्हरचे थील-स्मॉल आकडेही काढून देतं. पुढे दुसरी पेटी झाली की दोन्ही समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवा. हरमन या ऑडिओ कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ च्या अभ्यासात दोन सबसाठी ही जागा चांगली ठरवली होती, आणि आयताकृती खोलीत ती खरंच चालते.

रिसीव्हरमध्ये स्पीकर ‘स्मॉल’, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचा आवाज सबवूफरकडे. कारच्या अ‍ॅम्पवरचा लो-पास (वरचे सूर अडवणारी कळ) पूर्ण वर, बेस बूस्ट शून्य. फेजचा खटका (कोन आधी पुढे जावा की मागे, हे ठरवणारा) ज्या बाजूला ८० च्या आसपास आवाज भरतो त्या बाजूला. मग भांड्यांची मांडणी, लोखंडी आलमारी आणि दाराची कडी वाजायला लागतील. कडीला रबर, आलमारीखाली पुठ्ठा. भांड्यांचं मात्र घरात विचारून घ्या.

ड्रायव्हर ठरला की त्याचा मॉडेल नंबर खाली टाका. आकडे मिळाले तर पेटीचं माप मी काढून देतो, प्लाय त्यानंतरच कापा.