रील गाजली, पाहुणे मात्र भलत्याच वाडीत

प्रश्न : नमस्कार ताई, गुहागरजवळ आमचा छोटासा होमस्टे आहे. मुलगा इन्स्टावर रील टाकतो, बऱ्यापैकी चालतात, लोकेशन पण टॅग करतो. तरी आलेला प्रत्येक पाहुणा फोन करतोच, "काका, नक्की कुठे?" परवा तर एक फॅमिली रात्री शेजारच्या वाडीत जाऊन थांबली. टॅग केलेलं असून असं का होतं? – एक वाचक, गुहागर

उत्तर : काका, इन्स्टाचं लोकेशन आणि गूगल मॅप्सचं लोकेशन हे दोन वेगवेगळे कारभार आहेत, आणि नव्वद टक्के घोळ इथेच असतो असं माझं मत. इन्स्टाग्राम-फेसबुक दोन्ही मेटाचे, त्यांची जागांची यादी त्यांची स्वतःची. तिथे कुणीतरी कधीतरी "गुहागर बीच" म्हणून पिन टोचून ठेवलेली असते, तुमचा मुलगा तीच टॅग करतो, पाहुणा त्यावर बोट ठेवतो आणि त्याला दिसतं काय तर त्याच टॅगचे बाकीच्यांचे फोटो आणि किनाऱ्यावरचा एक ठिपका, तुमचं घर कुठेच नाही. तुम्ही गूगलवर कितीही पिन सरकवा, ती तिकडे आपोआप जात नाही.

म्हणून आधी गूगलचं काम उरका. बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवरची तुमच्या धंद्याची नोंद, काढलं नसेल तर काढा, फुकट आहे, व्हेरिफिकेशनसाठी बहुतेक वेळा जागेचा व्हिडिओ मागतात तो द्या. पत्ता भरताना नकाशा येतो त्यात पिन बोटाने ओढून बरोब्बर गेटवर आणा. घराच्या कौलांवर नाही हं, गेटवर! कारण ॲप गाडीला पिनच्या सगळ्यात जवळच्या रस्त्यावर नेऊन सोडतं, आणि कोकणात तो रस्ता पुष्कळदा मागच्या बाजूचा निघतो, मग पाहुणे मागच्या गडग्यापाशी (दगडी कुंपणापाशी) हॉर्न वाजवत बसतात, नाहीतर पाखाडीच्या (पायऱ्यांच्या पायवाटेच्या) तोंडाशी गाडी अडकते. तुमची फॅमिली शेजारच्या वाडीत गेली ती बहुधा अशीच.

पिन बसली की शेअर दाबून लिंक घ्या आणि तीच एक लिंक सगळीकडे चिकटवा, इन्स्टाच्या बायोमध्ये (तिथे आता पाच लिंका चालतात), फेसबुक पेजवर, व्हॉट्सॲप बिझनेसच्या प्रोफाइलमध्ये. रीलखालच्या कॅप्शनमध्ये लिंक टाकून उपयोग नाही, तिथे ती दाबली जातच नाही, म्हणून "पत्ता बायोमध्ये" एवढंच लिहा. उलटा रस्ताही जोडून घ्या, म्हणजे गूगलच्या प्रोफाइलमध्ये सोशल मीडियाच्या लिंका भरायची सोय आहे, तिथे तुमचं इन्स्टा-फेसबुक द्या, म्हणजे मॅपवर तुम्हाला शोधणारा थेट रील बघेल. आणि इन्स्टावर स्वतःच्या नावाचा टॅग हवा असेल तर फेसबुक पेजवर पूर्ण पत्ता आणि तिथलीही पिन नीट भरा, मग थोडी वाट बघा, लगेच येईलच असं नाही.

अजून एक, फोनवर पाहुण्याने लोकेशन मागितलं की आपण व्हॉट्सॲपवर पटकन एक पर्याय दाबतो, "करंट लोकेशन". तुम्ही तेव्हा बाजारात मासळी घेत असाल तर पाहुणे मासळी बाजारात येणार, सरळ हिशोब! त्या पर्यायाखाली "इतक्या मीटरपर्यंत अचूक" असं बारीक अक्षरात येतं ते पण कुणी वाचत नाही. त्यापेक्षा वरची सेव्ह केलेली लिंकच पाठवा.

घराला पत्ता असा नाहीच, फक्त वाडीचं नाव, असं असेल तर मॅपवर गेटच्या जागी बोट दाबून धरा, खाली प्लस कोड येतो, काही अक्षरं-आकडे, मध्ये अधिकचं चिन्ह. तो साधारण 14 मीटर बाय 14 मीटरचा चौकोन दाखवतो आणि मेसेजमध्ये नुसता टाइप करून पाठवता येतो, फक्त पुढे गावाचं नाव लिहायला विसरू नका. डाक खात्यानेही 2025 मध्ये असाच जागेचा कोड, डिजिपिन, आणलाय, तो तर 4 मीटरचा चौकोन, पण पाहुण्यांना अजून तो माहीत नाही, तेव्हा सध्या प्लस कोडच बरा. अक्षांश-रेखांश पाठवणार असाल तर अक्षांश आधी, म्हणजे 17.48, 73.19. उलटे टाकलेत तर तुमचा होमस्टे नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात निघेल.

आणि हो, घाटात रेंज जाते, त्यामुळे बुकिंग पक्कं झालं की "मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा" एवढी ओळ मेसेजमध्ये घालाच.

प्रश्न : मी रोज पहाटे पळतो आणि स्ट्राव्हाचा (पळण्याची नोंद ठेवणारं ॲप) नकाशा इन्स्टा स्टोरीला टाकतो. बायको म्हणते, घराचा पत्ता जगाला वाटतोयस. एवढं घाबरायचं काही आहे का? – एक धावपटू, नाशिक

उत्तर : वहिनींचं ऐका. स्ट्राव्हाने नोव्हेंबर 2017 मध्ये जगभरातल्या पळणाऱ्यांचा एकत्र नकाशा काढला होता, कुणाचं नाव नाही काही नाही, तरी जानेवारी 2018 मध्ये नेथन रुसर नावाच्या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवून दिलं की अफगाणिस्तान-सीरियातले लष्करी तळ त्यात चमकतायत, कारण सैनिक तळाला फेऱ्या मारत पळत होते. तुमच्या नकाशावर तर तुमचं नाव आहे आणि रोज एकाच गेटपासून रेघ सुरू होते, वर वेळही कळते की या तासाला साहेब घरी नसतात. सेटिंगमध्ये मॅप व्हिजिबिलिटीत जा, घराचा पत्ता घाला, भोवतीचा 1600 मीटरपर्यंतचा भाग लपवता येतो. मात्र जुन्या स्टोऱ्या हायलाइटमध्ये ठेवल्या असतील तर ती चित्रं तशीच राहतात, ती हाताने काढावी लागतील.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की त्यात लपलेलं लोकेशन पण जातं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : साधा फोटो म्हणून पाठवलात तर नाही, ते गाळलं जातं. पण क्लिअर यावा म्हणून "डॉक्युमेंट" करून पाठवलात तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते, लोकेशनसकट. ओएलएक्सवर सोफा विकायचाय म्हणून अनोळखी माणसाला असा फोटो पाठवत असाल तर आधी त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि तो पाठवा.