ट्रकचे बॉल जॉइंट बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करावेच लागते का?

आपल्या पिकअप ट्रकचे पुढचे बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारे फिरते सांधे) नुकतेच बदलले आहेत, गाडी सरळ चालते आणि टाय रॉडला (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याला) हात लावलेला नसल्यामुळे अलाइनमेंटची (चाकांचे कोन मोजून जुळवण्याची) गरज नाही, असे मेकॅनिक सांगतो. ते मान्य करावे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: मान्य करू नका, निदान मोजून तरी घ्या.

सस्पेन्शनच्या आर्ममध्ये प्रेसने दाबून बसणारा जॉइंट ठरलेल्या जागीच बसतो आणि चेक नट (टाय रॉडची लांबी पक्की धरणारा नट) सैल केला नसेल तर टाय रॉडची लांबीही बदलत नाही, हे खरे आहे. परंतु मागचे अलाइनमेंट झाले तेव्हा जुना जॉइंट किती झिजलेला होता, हे येथे अधिक महत्त्वाचे आहे. झिजलेल्या जॉइंटमध्ये प्ले (ढिलेपणा) असतो, त्यामुळे नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) मूळ जागेवरून सरकून कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) बदलतो आणि त्याबरोबर बहुधा टोही (वरून पाहता चाके किती आत किंवा बाहेर वळली आहेत ते) बदलतो. त्या अवस्थेत अलाइनमेंट केले असेल, तर ती चूक भरून काढण्यासाठीच टाय रॉड फिरवलेला असतो; नवा जॉइंट नकलला पुन्हा जागेवर आणतो, पण टाय रॉडमधला तो बदल तसाच राहतो.

गाडी सरळ चालते, हा पुरावा पुरेसा नाही. टोमधील चूक दोन्ही चाकांवर सारखी वाटली गेली की गाडी कुठेही ओढत नाही, आणि टायर मात्र झिजत राहतात. माझ्या ट्रकच्या बाबतीत मी याच समजुतीवर विसंबलो आणि पुढच्या दोन्ही टायरच्या कडा अकाली गेल्या. टायरच्या ट्रेडवरून (रस्त्याला टेकणाऱ्या भागावरून) तळहात आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागले, तर टो बिघडलेला आहे असे समजावे.

आपल्या ट्रकला पुढे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच) असेल, तर वरच्या जॉइंटभोवती कॅम्बर ठरवणारी विकेंद्री स्लीव्ह (जिचे छिद्र मध्यापासून बाजूला असते अशी नळी) असू शकते. ती जुन्याच कोनात बसवली होती का, हे मेकॅनिकला आवर्जून विचारा, कारण ती थोडी फिरली तरी कॅम्बर आणि कॅस्टर (बाजूने पाहता चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा कल) दोन्ही बदलू शकतात.

अलाइनमेंटपूर्वी टायरमधील हवा योग्य करून घ्या. आर्मचे रबरी बुश सैल केले असतील, तर त्यांचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असताना शेवटचे आवळलेले हवेत. दुरुस्त करण्यापूर्वीचे आणि नंतरचे, असे दोन्ही आकडे लिहून मागा. पहिले आकडे मर्यादेत निघाले, तर मेकॅनिकचे म्हणणे बरोबर होते असे समजून तेथेच थांबावे.