कमर्शियल लिटिगेशन करायचंय, मग ठाण्यातली फर्म चालेल का?

ताई, तुमचं पत्र वाचलं. लेकीचं लॉ झालं, वकिलीची सनद मिळाली, बार एक्झाम पण पास झाली, आता ठाण्यातल्या एका फर्मने कमर्शियल लिटिगेशनसाठी, म्हणजे व्यापारी वादांच्या कोर्टातल्या कामासाठी, बोलावलंय आणि घरातले सगळे म्हणतायत की फोर्टला मोठी फर्म बघ, नाहीतर सरळ कंपनीत लाग. माझं विचाराल तर तिला ठाण्यातच जाऊ द्या, फक्त आधी नीट चौकशी करा.

2015 चा कमर्शियल कोर्ट्सचा कायदा आला तेव्हा 1 कोटीच्या आतले वाद त्यात बसतच नव्हते, 2018 ला ती मर्यादा 3 लाखांवर आणली, त्यामुळे वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथल्या छोट्या कारखानदारांचे थकलेल्या बिलांचे वाद पण त्यात आले. हे अशिल पिशवीभर माल पाठवल्याची चलनं घेऊन येतात, अर्ध्यांवर माल घेतल्याची सहीच नसते, ऑर्डर व्हॉट्सॲपवर दिलेली असते, आणि ते सगळं लेजरशी, म्हणजे खातेवहीशी, जुळवून तारीखवार लावायचं काम ज्युनियरचं. कंटाळवाणं वाटेल पण केस इथेच उभी राहते. त्यात तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर दाव्याआधी मीडिएशन, म्हणजे मध्यस्थामार्फत समेटाचा प्रयत्न, करावंच लागतं, सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये ते सक्तीचंच आहे म्हणून सांगितलंय, न करता दावा लावला तर तो फेटाळला जातो. समोरच्याने समन्स मिळाल्यापासून 120 दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, दिली नाही तर त्याचा हक्कच जातो. या तारखा सांभाळायची सवय पहिल्याच वर्षी अंगात मुरली पाहिजे.

कंपनीचं म्हणाल तर पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की सनद सस्पेंड करावी लागते, कोर्टात उभं राहता येत नाही. तिला कोर्टच आवडतं असं तुम्हीच लिहिलंय, मग आत्ताच तो रस्ता कशाला?

आता चौकशी काय करायची, तर सिनियर स्वतः ड्राफ्ट तपासून लाल करून परत देतात का, ज्युनियरला छोट्या अर्जावर तरी बोलू देतात का, की वर्षभर नुसत्या तारखा घ्यायला आणि फाइलिंगला पळवतात. हायकोर्टातलं आणि आर्बिट्रेशनचं (लवादाचं) काम फर्मकडे येतं का हेही विचारायचं. स्टायपेंड किती आणि दर महिन्याला वेळेवर मिळतो का, हे तर बिनधास्त विचारायचं, त्यात लाजायचं काही नाही, तिथल्याच एखाद्या ज्युनियरला गाठलं तर खरं काय ते कळेल. तिथे ड्राफ्टिंग मिळत नसेल तर मात्र फर्म कितीही जवळ असो, नको म्हणा.

आणि ताई, त्या भेटीला तुम्ही सोबत जाऊ नका, हे सगळं तिलाच विचारू दे.