सर्व्हर सांभाळणारा माणूस निवडताना

सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या पदासाठी घेतल्या जाणाऱ्या मुलाखतींविषयी आलेल्या तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : अंधेरी पूर्वेला आमची औषधांच्या घाऊक वितरणाची कंपनी असून तेथील प्रशासन आणि मनुष्यबळ ही दोन्ही कामे मी पाहते. साठ संगणक, चार सर्व्हर आणि ते सांभाळणारे एकच सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, एवढा आमचा पसारा आहे. ते पुढच्या महिन्यात नोकरी सोडत आहेत. त्यांच्याआधी मी ज्यांची निवड केली होती, त्यांनी मुलाखतीत एकही प्रश्न सोडला नव्हता. परंतु बिलिंगचा सर्व्हर बंद पडला तेव्हा त्यांनी घेतलेला बॅकअप उघडलाच नाही आणि तीन आठवड्यांची बिले आम्हाला कागदांवरून पुन्हा भरावी लागली. मी स्वतः तांत्रिक शिक्षण घेतलेले नाही. या वेळी उमेदवारांना काय विचारावे?
— एक वाचक, अंधेरी

उत्तर : गेल्या वेळी विचारलेल्या प्रश्नांची यादी आपण पत्रासोबत जोडली आहे, ती मी वाचली. एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे काम करण्याची सोय) कोणत्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या कोणत्या क्रमांकाच्या दारावर, चालते, एचटीटीपीएस (सुरक्षित वेबसाइटची सोय) कोणत्या पोर्टवर चालते, रेड ५ (एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचावा अशी अनेक डिस्कची जोडणी) साठी किमान किती डिस्क लागतात, असे ते प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे अनुक्रमे २२, ४४३ आणि तीन अशी आहेत. ती एका संध्याकाळी पाठ होतात आणि कामाच्या वेळी विसरली तरी क्षणभरात सापडतात. आपल्या आधीच्या उमेदवाराला ती येत होती, आणि तरीही बिले कागदांवरून भरावी लागली. यात आपला दोष नाही, कारण बहुतेक कार्यालयांत मुलाखत अशीच घेतली जाते. पण या यादीतून स्मरणशक्तीपलीकडे काहीही तपासले जात नाही.

उमेदवारासमोर एक बिघाड ठेवावा आणि त्याला मोठ्याने विचार करायला सांगावे. उदाहरणार्थ, सर्व्हर नवी फाइल लिहायला नकार देतो आहे, डिस्कवर जागा नाही असा संदेश येतो आहे, पण पाहावे तर डिस्क चाळीस टक्के मोकळी दिसते आहे. याचे एक कारण असे असू शकते की, लिनक्स या सर्व्हर चालवणाऱ्या प्रणालीवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टममध्ये, म्हणजे फाइली साठवण्याच्या रचनेत, प्रत्येक फाइलमागे आयनोड नावाची एक नोंद खर्च होते, त्या नोंदींची संख्या डिस्क तयार करतानाच ठरलेली असते, आणि एखाद्या प्रोग्रॅमने लाखो बारीकसारीक फाइली साठवल्या की जागा उरते पण नोंदी संपतात. हाच प्रश्न उलटाही विचारता येतो : सर्व्हरवरील घडामोडींची नोंद ठेवणारी मोठी लॉग फाइल पुसून टाकली, तरी जागा मोकळी झाली नाही, असे का व्हावे? पुसलेली फाइल चालू प्रोग्रॅमने अजून उघडी धरून ठेवली असेल, तर तो प्रोग्रॅम ती सोडेपर्यंत जागा परत मिळत नाही. ज्याने हे प्रत्यक्ष भोगले आहे, तो अर्ध्या मिनिटात तेथे पोहोचतो. ज्याने भोगलेले नाही, तोही पद्धतशीर विचार करत तेथवर येऊ शकतो, आणि अशा उमेदवाराला मी कमी लेखणार नाही.

तांत्रिक शिक्षण नसतानाही आपल्याला यातले पुष्कळ ओळखता येईल. चांगला उमेदवार उत्तराआधी प्रश्न विचारतो : हे केव्हापासून होत आहे, एकाच टेबलावर होते आहे की सगळीकडे, काल या सर्व्हरवर कोणी काही बदलले होते का? काहीही न विचारता थेट ‘रीस्टार्ट करतो’ म्हणणाऱ्या उमेदवाराविषयी सावध राहावे, कारण रीस्टार्टने बिघाड कधीकधी तात्पुरता नाहीसा होतो आणि त्याचे कारण शोधण्यासाठी लागणारा पुरावाही त्याच्याबरोबर जातो. उत्तर बरोबर की चूक हे ठरवण्यासाठी आपले सध्याचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर जाण्यापूर्वी त्यांना मुलाखतीत शेजारी बसवून घ्या, आणि आपल्याच कार्यालयात गेल्या वर्षभरात झालेले दोन-तीन बिघाड त्यांच्याकडून आधी लिहून घ्या. नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाला या कामापासून दूर ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. मला ती फार नुकसानीची वाटते.

आता बॅकअपविषयी. ‘बॅकअप घेता का’ या प्रश्नाला आजवर कोणी ‘नाही’ म्हटलेले मी ऐकलेले नाही. विचारायचे ते असे : बॅकअप परत उतरवून शेवटचा कधी पाहिला होता, त्याला किती तास लागले, आणि त्यात काय कमी निघाले? या प्रश्नावर जो उमेदवार तपशिलात शिरतो, तो आपल्या उपयोगाचा आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या, प्रोग्रॅमचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायचा म्हणून चुकून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला सुरुवात केली. चूक लक्षात येऊन त्याने आज्ञा थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबी डेटा गेला होता. कंपनीकडे बॅकअपच्या अनेक व्यवस्था होत्या आणि ऐन वेळी त्या कुचकामी निघाल्या. जवळपास सहा तासांपूर्वी कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत हाताशी होती, तिच्यावरून सेवा पुन्हा उभी राहिली. हे सारे कंपनीने स्वतःच जाहीरपणे लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला माहीत आहे. ही हकीकत थोडक्यात सांगून ‘तुम्ही तेथे असता तर आदल्या महिन्यात काय केले असते’ असे विचारा.

याच ओघात रेड आणि बॅकअप यांतला फरकही विचारावा. रेड ५ मधील एक डिस्क गेली तर काम चालू राहते, परंतु कोणी चुकून फाइल पुसली तर ती सगळ्याच डिस्कवरून तत्क्षणी पुसली जाते. म्हणून तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी, असा या व्यवसायातला जुना नियम आहे. मुंबईत यातला शेवटचा भाग फार महत्त्वाचा ठरतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी ज्या कार्यालयात काम करत होतो तेथे सर्व्हर तळमजल्यावर होता आणि बॅकअपच्या टेप त्याच खोलीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात होत्या. दोन्ही एकाच पाण्यात गेले. त्या टेप मी स्वतः वाळत घातल्या होत्या आणि त्यांतली एकही पुढे वाचता आली नाही. तेव्हापासून दुसरी प्रत कोठे ठेवाल, हे मी प्रत्येक उमेदवाराला विचारतो, आणि ‘वरच्या मजल्यावर’ हे उत्तर मला अपुरे वाटते.

मुंबईचाच आणखी एक प्रसंग प्रश्न म्हणून वापरता येतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी ग्रिडमधील बिघाडामुळे शहराची वीज गेली आणि लोकलही थांबल्या. उमेदवाराला सांगा : तुम्ही कुर्ल्याजवळ गाडीत अडकला आहात, कार्यालयात यूपीएस फक्त वीस मिनिटे टिकणार आहे आणि तेथे पोहोचलेली एकमेव व्यक्ती हिशेबनीस आहे, पुढे काय? आधी अ‍ॅप्लिकेशन, मग डेटाबेस आणि शेवटी स्टोरेज, असा बंद करण्याचा क्रम त्याला ठाऊक असावा, हे झालेच. पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तो क्रम कोणालाही वाचून पार पाडता येईल अशा भाषेत आधीच लिहून सर्व्हर रूमच्या दारावर लावलेला असेल, असे त्याने आपणहून म्हणावे. आपल्याकडे हे काम एकटाच माणूस करणार आहे, म्हणून लिहून ठेवण्याची सवय ही आपल्यासाठी पहिली पात्रता आहे. उमेदवाराने पूर्वी लिहिलेल्या अशा सूचनांचा एखादा नमुना, गोपनीय भाग वगळून, दाखवायला सांगायलाही हरकत नाही.

नंतर विश्वासाचा प्रश्न येतो. या पदावरचा माणूस मनात आणले तर कोणाचीही मेल वाचू शकतो आणि कोणाचाही पगार पाहू शकतो. संचालकांनी तोंडी सांगितले की अमुक कर्मचाऱ्याची मेल मला दाखव, तर तो काय करील? शांतपणे लेखी आदेश मागणारा आणि कंपनीचे धोरण काय आहे ते विचारणारा उमेदवार आपल्याला थोडा अवघड वाटेल. तरीही तोच घ्यावा. नियमांची जाण पाहायची असेल, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांविषयी विचारावे. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे आणि लॉग १८० दिवस जपून ठेवणे या त्यातल्या दोन अटी खासगी कंपन्यांनाही लागू आहेत, आणि हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या पहिल्यांदा कळून उपयोग नसतो.

शेवटी पद्धतीविषयी एवढेच, की सर्व उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत, दोन्ही मुलाखतकारांनी आपापसांत बोलण्याआधी वेगवेगळे गुण लिहावेत, आणि मगच चर्चा करावी. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडपद्धतींवरील जुन्या संशोधनाची फेरतपासणी केली, तेव्हा पुढे कामात कोण चांगला ठरेल याचा अंदाज बांधण्यात अशा ठरावीक आखणीच्या मुलाखतीच अग्रस्थानी आल्या.

प्रश्न : मी डोंबिवलीत राहतो. चार वर्षे हेल्पडेस्कवर काम केल्यानंतर आता सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या जागांसाठी अर्ज करत आहे. गेल्या महिन्यात फोर्ट येथील एका मुलाखतीत, सर्व्हरचा लोड अ‍ॅव्हरेज (चालू असलेल्या किंवा खोळंबलेल्या कामांची सरासरी संख्या) चाळीस असताना सीपीयू मात्र मोकळा का दिसेल, असे विचारले गेले. मी ‘माहीत नाही’ असे सांगितले आणि तेथेच मुलाखत संपली. त्यांनी माझ्या हातून झालेली एखादी चूकही विचारली होती. मी भीतीपोटी एकही चूक झाली नाही असे सांगितले. पुढच्या वेळी अंदाजाने उत्तर द्यावे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ‘माहीत नाही’ म्हणण्यात आपण काही गैर केले नाही, परंतु तेथेच थांबलात. त्याला जोडून ‘मला शोधायचे असेल तर मी येथून सुरुवात करीन’ असे म्हणाला असता, तर समोरच्याला आपली विचारपद्धत दिसली असती. लिनक्समध्ये लोड अ‍ॅव्हरेज मोजताना केवळ सीपीयूसाठी थांबलेल्या प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, धरल्या जात नाहीत, तर डिस्कच्या किंवा नेटवर्कवरील स्टोरेजच्या प्रतिसादाची वाट पाहत अडकलेल्या प्रोसेसही धरल्या जातात. त्यामुळे स्टोरेज हळू झाले की सीपीयू रिकामा असूनही आकडा चढतो. हेल्पडेस्कवर असताना ‘सर्व्हर स्लो आहे’ अशा तक्रारी आपण शेकड्यांनी नोंदवल्या असतील. त्या वेळी कारण कसे हुडकले, तेवढे सांगितले असते तरी चालले असते.

चुकीबाबत मात्र मी स्पष्टच लिहितो, कारण येथे आपले नुकसान आपणच केले. चार वर्षांत ज्याच्या हातून काहीच बिघडले नाही, त्याच्यावर कोणी काही सोपवले नसावे किंवा तो लपवत असावा, असाच अर्थ मुलाखतकार काढतो. चूक सांगा, ती किती वेळात लक्षात आली ते सांगा, कोणाला आणि केव्हा कळवले ते सांगा, आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलले यावर सर्वांत जास्त वेळ द्या. आपण आधी स्वतःहून कळवले होते की कोणी विचारल्यावर कबूल केले, याकडे समोरच्याचे बारीक लक्ष असते.

तयारीसाठी घरच्या संगणकावर दोन-तीन व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आतच चालणारे आभासी संगणक) उभी करा, ती मुद्दाम मोडा आणि दुरुस्त करा. सेंटओएस ७ या सर्व्हरवरील लिनक्स प्रणालीची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. तिच्यावर चालणारी एखादी छोटी सेवा दुसऱ्या प्रणालीवर नेऊन पाहिली, तर मुलाखतीत सांगण्यासारखे पुष्कळ हाती येईल. जे फक्त व्हिडिओत पाहिले आहे, ते बायोडेटात लिहू नका.

आपल्या पत्रात आपण इंग्रजीत अडखळल्याचाही ओझरता उल्लेख केला आहे. हे मी मुलाखत घेणाऱ्यांसाठी लिहितो आहे : उमेदवाराने बिघाडाचा माग मराठीत किंवा हिंदीत सांगितला, तर कृपया त्याला सांगू द्या. रात्री दोन वाजता तो ज्या भाषेत विचार करणार आहे, त्याच भाषेत तो कसा विचार करतो हे आपल्याला पाहायचे असते. ज्या पदासाठी परदेशी ग्राहकांशी बोलावे लागते, तेथे इंग्रजी स्वतंत्रपणे तपासावे. पण त्या परीक्षेत सर्व्हरची परीक्षा बुडवू नये.

प्रश्न : परळ येथील आमच्या कार्यालयासाठी घेतलेल्या मुलाखतींत एक तरुणी सर्वांत सरस ठरली. महिन्यातून दोनदा रात्री सर्व्हरचे पॅचिंग, म्हणजे सॉफ्टवेअरमधील दुरुस्त्या बसवण्याचे काम, असते. लग्नाचा विचार आहे का आणि घरचे रात्री पाठवतील का, हे दुसऱ्या फेरीत विचारावे, असे माझे भागीदार म्हणतात. ते योग्य होईल का?
— एक वाचक, परळ

उत्तर : नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार भरतीत स्त्रियांबाबत भेदभाव करता येत नाही. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कर्मचाऱ्याला काम द्यायचे, तर तिची संमती आणि पुरेशी सुरक्षितता या दोन अटी त्याच कायद्यात आहेत. तेव्हा लग्नाचा प्रश्न भागीदारांनी मनातूनच काढून टाकावा. पॅचिंग महिन्यातून किती वेळा असते, ते किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपते, त्याचा मोबदला काय आणि शेवटची लोकल गेल्यावर घरी सोडायला गाडी कोण देणार, हे पत्रावर लिहून सर्व उमेदवारांना, पुरुषांनाही, सारखेच द्या आणि हे जमेल का एवढेच विचारा. पत्रात गाडीचा उल्लेख करता येत नसेल, तर दुसरी फेरी ठेवण्याआधी आधी गाडीची सोय करा.