गार डिस्क, उकळते ऑइल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ट्रॅकसाठीचे ब्रेक पॅड गाडीला बसवून घेतले. आता सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला गाडी लवकर थांबत नाही, वर कर्कश आवाज येतो. पॅड खराब निघाले का?

उत्तर : पॅड चांगले आहेत, जागा चुकली. शर्यतीच्या बऱ्याच पॅडना डिस्क (चाकाबरोबर फिरणारी, पॅड जिला दाबतात ती तबकडी) साधारण २०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय खरी पकड येत नाही. ट्रॅकवर ते तापमान लगेच येते आणि टिकते. रस्त्यावर डिस्क सहसा त्याच्या बरीच खाली राहते. मग पॅड गाडी थांबवतात कमी आणि डिस्क खरवडतात जास्त.

फॉर्म्युला वनमध्ये याचे टोक दिसते. तिथली कार्बनची डिस्क ३५०-४०० अंशांच्या आसपास जागी होते आणि १,००० अंशांपर्यंत काम करते. ती जशीच्या तशी रस्त्यावर आणली, तर पहिल्याच सिग्नलला पुढच्या गाडीवर आदळाल. म्हणून रस्त्यासाठी वेगळी जात काढावी लागली. कार्बन तंतूंच्या डिस्कमध्ये वितळलेले सिलिकॉन मुरवले, की कार्बन-सिरॅमिक तयार होते. ही डिस्क गार असतानाही धरते आणि ओतीव लोखंडाच्या डिस्कच्या जवळपास निम्म्या वजनाची असते. २००१च्या पोर्शे ९११ जीटी२ला ती कारखान्यातूनच बसवलेली होती.

तुम्हाला एवढ्या खर्चात पडायची गरज नाही. गाडी रोजची असेल आणि ट्रॅकवर अधूनमधूनच जात असेल, तर गार असतानाही धरणारे ‘फास्ट रोड’ पॅड घ्या. बसवताना डिस्कवरचा जुन्या पॅडचा थर साफ करा. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरवरून २०पर्यंत, मध्यम जोराने, आठ-दहा वेळा वेग उतरवा. पूर्ण थांबू नका. नंतर दहा मिनिटे शक्यतो ब्रेक न लावता चालवा. पॅडच्या खोक्यावर वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभे राहिलात, तर पॅडचा मसाला त्या जागी चिकटतो आणि पुढे ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरते. ‘डिस्क वाकली’ म्हणून पुष्कळ जण तेव्हा नवी डिस्क घेतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसतेच.

प्रश्न : ट्रॅकवर चार-पाच फेऱ्यांनंतर ब्रेकचे पेडल तळाला जाते. मोठी डिस्क बसवू का?

उत्तर : आधी पेडल काय सांगते ते बघा. पेडल टणक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्याच्या तापमानाबाहेर गेले. पेडल मऊ पडून खाली जाते, तर ब्रेक ऑइल उकळले. तुमचे दुखणे दुसरे. उकळण्याने वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पायाचा जोर कॅलिपरपर्यंत, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागापर्यंत, पोहोचत नाही.

डॉट ४ (‘डॉट’ ही ब्रेक ऑइलची प्रमाणित प्रतवारी) ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश असावा लागतो. हवेतली ओल शोषून पाणी ३.७ टक्क्यांवर गेले, की ही किमान मर्यादा १५५वर येते. डॉट ५.१साठी हेच आकडे २६० आणि १८०. म्हणजे दोन वर्षांचे ऑइल घेऊन ट्रॅकवर जाणे ही खरी चूक. ट्रॅकवर जाण्याआधी बंद डब्यातले ताजे ऑइल भरून चारही चाकांवर हवा काढून घ्या. डॉट ५ मात्र भरू नका: ते सिलिकोनचे असते आणि या दोहोंत मिसळत नाही. नाव सारखे असल्याने इथे हमखास घोटाळा होतो.

प्रश्न : स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणे फॉर्म्युला वनमधून आले ना?

उत्तर : पॅडल आले, आतला गिअरबॉक्स बहुतेक गाड्यांत दुसरीकडून आला. १९८९च्या फेरारी ६४०मध्ये ही पद्धत होती आणि नायजेल मॅन्सेल यांनी ब्राझीलची पहिलीच शर्यत तिच्यावर जिंकली. १९९७मध्ये ती फेरारी एफ३५५मधून रस्त्यावर उतरली. तिथे क्लच एकच होता. गर्दीत इंच-इंच सरकताना तो घसरत राहायचा आणि झिजायचा. आज सर्रास दिसतो तो दुहेरी क्लच, म्हणजे सम आणि विषम गिअरसाठी वेगवेगळे क्लच. तो पोर्शेने १९८०च्या दशकात ९५६ आणि ९६२ या सहनशक्तीच्या शर्यतींच्या गाड्यांवर पारखला होता. त्यातही चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरू नका, ब्रेक लावा. घसरता क्लच तिथेही तापतोच.

प्रश्न : मागे मोठा विंग (वाऱ्याच्या जोराने गाडी खाली दाबणारा पंख) लावला तर वळणावर पकड वाढेल?

उत्तर : शहरातल्या वेगाला, नाही. विंगचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी २०० किलोमीटरला १०० किलो देणारा विंग १००ला २५ आणि ५०ला जेमतेम ६ किलो देतो. शिवाय मागच्या टोकाला दाबल्याने पुढची चाके हलकी होतात, म्हणून पुढे स्प्लिटर (पुढचे टोक खाली दाबणारी, बंपरखालची पट्टी) नसेल तर वेगात स्टिअरिंग ढिले लागेल. तोच पैसा टायरमध्ये घाला.