लेकीला ॲजिलिटीची जज व्हायचंय

प्रश्न: आम्ही मूळचे साताऱ्याचे, बारा वर्षं इंग्लंडमध्ये स्लाऊला आहोत. मुलगी सोळाची, नुकतीच जीसीएसईची (आपल्या दहावीसारखी) परीक्षा दिली. घरात साडेतीन किलोची पॅपिलॉन जातीची कुत्री आहे, तिला घेऊन ही दर शनिवारी ॲजिलिटीला, म्हणजे कुत्र्याला अडथळ्यांवरून पळवायच्या खेळाला, पळते. आता म्हणते, मला ॲजिलिटीची जज व्हायचंय. तिचे बाबा म्हणतात फार्मसी कर, कुत्र्यामागे धावून पोट भरतं का?

उत्तर: ताई, बाबांना आधी उत्तर देते. नाही भरत. तिथले बहुतेक जज प्रवासखर्च आणि दुपारच्या जेवणावर अख्खा रविवार उन्हापावसात उभे असतात आणि सोमवारी आपापल्या नोकरीवर जातात. हा मान आहे, आणि मैदानात बरीच वर्षं काढल्यावर मिळतो.

खेळाची सुरुवातही हौसेतूनच झालेली. १९७८ साली लंडनच्या ऑलिम्पियामध्ये क्रफ्ट्सच्या श्वानप्रदर्शनात मधला रिकामा वेळ भरून काढायला घोड्यांच्या शो-जम्पिंगसारखे अडथळे मांडून त्यावरून कुत्री पळवली. लोकांना ते इतकं आवडलं की १९८० मध्ये केनेल क्लबने, म्हणजे ब्रिटनच्या श्वानसंस्थेने, त्याला रीतसर मान्यता दिली.

कुत्री लहान आहे ही तुमच्या लेकीची जमेची बाजू, हे मात्र घरात कुणी बोललेलं दिसत नाही. केनेल क्लबच्या नियमांत खांद्यापाशी ३५ सेंटिमीटरपर्यंतचा कुत्रा ‘स्मॉल’. त्याची उडी ३० सेंटिमीटरची, लार्जची ६०. कोर्स जज स्वतः आखतो. पट्ट्या खालीवर करता येतात, पण बॉर्डर कॉलीसारखी मोठी कुत्री जी जागा दोन-तीन ढांगांत कापते, तिथे पॅपिलॉनला किती पावलं पडतात हे आखणाऱ्याच्या डोक्यात असावं लागतं.

त्यात सी-सॉ, म्हणजे मध्यावर टेकलेली, वरखाली होणारी फळी. कॉली गेली की फळी धाडकन आपटते. साडेतीन किलोचा जीव मध्य ओलांडून टोकापर्यंत जातो, तरी फळी रेंगाळतच खाली येते. ती टेकायच्या आत उडी मारली की पाच फॉल्ट, म्हणजे चुकीचे गुण. एफसीआय या जागतिक श्वानमहासंघाच्या नियमांत म्हणूनच फळी तपासून घेतात: उतरत्या बाजूच्या मधोमध एक किलोचं वजन ठेवायचं, ठरलेल्या सेकंदांत टोक जमिनीला लागलं पाहिजे. मोठी कुत्री पळवणारे हे नियम वाचून शिकतात. लेकीला सहज विचारा, फळी टेकेपर्यंत मनात किती आकडे मोजतेस? लगेच सांगेल बघा.

आता काय करायचं? या उन्हाळ्यात एखाद्या शोमध्ये स्क्राइमिंगला नाव द्यायला सांगा. जज हाताने फॉल्टची खूण करतो, स्क्राइमर ती टिपून घेतो. गंमत म्हणजे त्याने कुत्र्याकडे बघायचंच नाही, नजर सतत जजवर. (कुत्रंवेड्या मुलीला हे सगळ्यात अवघड जाणार.) पण दिवसभर असं बसलं की जज कुठे उभा राहतो आणि का सरकतो, ते कळायला लागतं. सेमिनार आणि परीक्षा त्यानंतरच्या गोष्टी.

पोटासाठी व्हेटरिनरी नर्सिंगचा, म्हणजे प्राण्यांच्या दवाखान्यातल्या नर्सिंगचा, विचार जरूर करा. इंग्रजी, गणित, विज्ञान धरून पाच जीसीएसई ग्रेड ४ किंवा वर असतील तर लेव्हल ३ डिप्लोमाचा रस्ता उघडतो. कॉलेज आणि दवाखान्यातलं काम बरोबरीने चालतं, मग आरसीव्हीएस या पशुवैद्यकांच्या नियामक संस्थेकडे नोंदणी. पगार फार्मासिस्टएवढा नसतो, हे आत्ताच सांगून ठेवते. फार्मसीही वाईट नाही; ती करूनही जज होता येईल. शनिवारची पाळी मात्र दोन्हीकडे लागू शकते, तेव्हा नोकरी घेताना तेवढं आधी विचारायचं.

निकाल ऑगस्टमध्ये आहेत, तोवर कसलाच फॉर्म भरायची घाई नको. त्याआधी बाबांना एकदा शोला घेऊन जा. घडीची खुर्ची आणि थर्मास विसरू नका. लेकीची धाव मिनिटभरात संपते, पण तिचा नंबर लागेपर्यंत अर्धा दिवस जातो.